भाग्यश्रीचा खडू

नोमानचा फोन आला तेव्हा मी पोह्याचे पापड वाळत घालत होते. तो म्हणाला, "बाई, एक मुलगी आहे. तिचं काहीतरी करायला हवं." मी म्हटलं, "मुलगी आहे म्हणतोस, तुझी आई किती दिवस शोधतेय." तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की गोष्ट गणिताची आहे.

नोमान पेणजवळच्या बी.एड. कॉलेजात गणिताची अध्यापन पद्धती शिकवतो. तो रोह्याचा, नदीपलीकडच्या अष्टमीचा. त्याची आजी ताजुन्निसा बाई रोह्याच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि मी नवीन शिक्षिका म्हणून पहिल्यांदा वर्गात उभी राहिले ती त्यांच्याच हाताखाली. त्या गेल्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या नातवाला मला काही नाही म्हणता येत नाही. निवृत्त होऊन माझाही एक जमाना झाला आहे. तरी पेणमध्ये अजून रस्त्यात कुणी टक्कल पडलेला गृहस्थ वाकून नमस्कार करतो आणि मला त्याचा सहावीतला चेहरा आठवतो. तसे चेहरे मला पुष्कळ आठवतात. चष्मा कुठे ठेवला ते मात्र आठवत नाही.

मुलीचं नाव भाग्यश्री. हमरापूरची. तिच्या घरी गणपतीचा कारखाना आहे, म्हणजे तिथल्या निम्म्या घरी असतो तसाच. मुलगी हुशार, गणित चोख, मुलांवर जीव. सराव पाठांत मात्र तिची गाडी अडलेली. नोमानने सांगितलं, तिच्या पाठानंतर मुलांना तसंच एखादं उदाहरण दिलं तर वर्गात कुणालाच येत नाही. दोनदा पाठ परत घ्यायला लावला. आता वार्षिक पाठ होता आणि त्याला बाहेरचे परीक्षक येणार होते. तो पाठ बिघडला तर वर्ष जाणार. आणि तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की वर्ष गेलं तर कॉलेज बंद, मग कायमचं कारखान्यात बसायचं. नोमान म्हणाला, "काय चुकतंय ते मला सापडत नाही बाई. टाचण उत्तम असतं. फळा तर असा असतो की पुसवत नाही."

मी दुसऱ्या दिवशी तिच्या सराव पाठाच्या शाळेत जाऊन सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले.

फळा खरोखर तसाच होता. डाव्या बाजूला समास, तारीख, विषय; अंक एकाखाली एक, मोत्यांसारखे. अपूर्णांकाची रेघ पट्टी न लावता सरळ. मी आयुष्यभर खडू धरला, पण माझी रेघ दुपारनंतर उताराला लागायची. मुलंही तिच्यावर खूश होती. भाग्यश्रीने एका मुलीला फळ्यावर बोलावलं. आवडी तिचं नाव. गागोद्याच्या बाजूच्या एका आदिवासी वाडीवरून एसटीने शाळेत येणारी, दोन वेण्या, लाल रिबिनी, तोंडाने फटकळ. आवडीने खडू घेतला, छेद लिहिला, मग तिचा हात थांबला. डोकं एका बाजूला कलतं करून ती विचार करू लागली.

आणि भाग्यश्रीने तिच्या हातातून खडू काढून घेतला.

अगदी हळू, प्रेमाने. रागाचा मागमूस नाही. तिने पुढची पायरी स्वतः लिहिली, सुंदर लिहिली, आणि खडू परत आवडीच्या हातात दिला. आवडीने पुढचा अंक लिहिला, तो जरा वाकडा आला, तेव्हा पुन्हा खडू गेला. मग रोशन आला, त्याचाही गेला. तासाच्या शेवटी फळ्यावर एक चूक नव्हती आणि सगळ्यांनी ते वह्यांत उतरवून घेतलं. मी उठून आवडीला दुसरं उदाहरण दिलं. ती म्हणाली, "बाईंना द्या ना. त्यांचं चांगलं येतं."

वर्ग हसला. भाग्यश्रीही हसली. तिला त्यात काही लागलंच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मी तिला विचारलं की तू खडू का घेतेस. ती माझ्याकडे बघत राहिली. "कधी घेतला, बाई?" मला आधी वाटलं ती सारवासारव करतेय. मग तिचा चेहरा बघितला. तिला खरोखरच माहीत नव्हतं. आपण डोळे मिचकावतो ते आपल्याला कुठे माहीत असतं?

मी घरी आले तरी ते मनातून जाईना. शिकाऊ शिक्षक मी खूप पाहिले. कुणी घाबरून खडू घेतात, कुणी वेळ संपेल म्हणून, कुणी आपलं ज्ञान दाखवायला. हिच्यात यातलं काहीच नव्हतं. शेवटी मी रविवारी रिक्षा केली आणि हमरापूरला गेले. सबबही होती, माझा गणपती दरवर्षी तिथूनच येतो. मात्र इतक्या लवकर तो सांगायला मी कधी गेले नव्हते.

कारखान्यात शिरलं की आधी सगळं पांढरं दिसतं. रांगेने मांडलेले कोरे गणपती, हवेत भुकटी, कोपऱ्यात साचे. बायका खाली बसून अस्तराचा रंग देत होत्या. पुढच्या रांगेत भाग्यश्रीचा चुलतभाऊ नितेश सोवळ्याचे काठ रंगवत होता. आणि तिचे वडील विठू, सडसडीत माणूस, बनियनवर, या रांगांमधून फिरत होते.

"या बाई, या. पंखा लावू नका रे, भुकटी उडंल. बाईंना खुर्ची द्या," ते म्हणाले आणि मला खुर्चीत बसवून परत फिरू लागले.

चहा येईपर्यंत मी बघत बसले. नितेशचा कुंचला एका वळणावर जरासा थरथरला. विठूदादा बोलता बोलता वाकले, त्याच्या हातातून कुंचला घेतला, काठ ओढला, कुंचला परत दिला. नितेशने मान वर केली नाही. विठूदादा तसेच पुढे गेले, एका बाईच्या हातातून ब्रश घेतला, दोन फटकारे मारले, परत दिला. ती बाई फोनवर सासूची गाऱ्हाणी सांगत होती, ती गाऱ्हाणी तशीच चालू राहिली. त्या घरात हातातली वस्तू काढून घेतली जाणं म्हणजे वारा येऊन जाणं होतं. आणि रांगेच्या टोकाला भाग्यश्री बसली होती, रविवार म्हणून मदतीला. तिच्या शेजारी एक नवी पोरगी उंदराला रंग देत होती. पोरीचा हात चुकला. भाग्यश्री माझ्याकडे बघून हसत होती, आणि तिचा हात मात्र आपला आपण त्या पोरीच्या ब्रशकडे गेला होता.

मी म्हटलं, "भाग्यश्री, हाताकडे बघ."

तिने खाली पाहिलं. दुसऱ्याचा ब्रश आपल्या हातात. तिचा चेहरा असा झाला की मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

मी विठूदादांना हा प्रकार सांगितला. त्यांना त्यात तक्रारीसारखं काही दिसेना. त्यांचं म्हणणं असं की मूर्ती ही लोकांच्या देव्हाऱ्यात जायची. चूक झाली तर ती जागच्या जागी, ओली आहे तोवर, जाणत्या हाताने मिटवायची. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या हातातून कुंचला असाच घेतला होता. यात कुणाचा अपमान नाही, काही नाही. ते खरंच होतं. त्या कारखान्यातून वाकडी मूर्ती बाहेर गेली नसेल.

"आणि डोळे?" मी विचारलं.

"डोळे मीच आखतो. आखणी दुसऱ्याला द्यायची नाय."

"भाग्यश्रीलाही नाही?"

"तिचा हात अजून बसला नाय, बाई."

ती लहानपणापासून तिथे बसते आहे. मी चहा प्याले आणि भाग्यश्रीला म्हटलं, रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचं.

रिक्षात मला ताजुन्निसा बाई आठवत राहिल्या. मी रोह्याच्या शाळेत लागले तेव्हा त्यांचं वय माझ्या आईएवढं. माझ्या वर्गात त्या मागे येऊन बसायच्या आणि आपल्या वर्गात मुलगा फळ्याशी गेला की दोन्ही हात पदराखाली घालून उभ्या राहायच्या. ऐन उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटायचं, बाईंना थंडी वाजते की काय. एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "कुमुद, हे हात लय उतावळे हायत. पोरांच्या आधी पोचतात. म्हणून कोंडून ठेवते." बाईंचे हात होतेही तसेच, बोलताना कुणाच्या कॉलरला, कुणाच्या वेणीला लागलेले. वर्गातच तेवढे कोंडलेले. मुलगा चुकला, पुसलं, परत चुकला, तरी बाई पदरात हात घालून उभ्या. ओठ मात्र हलायचे. मी विचारलं होतं, ओठ का हलतात. म्हणाल्या, अल्लाला सांगते, ह्याला लवकर सुचू दे.

भाग्यश्री पंजाबी ड्रेस घालून यायची. पदराची सोय नव्हती, आणि ओढणीत हात ठेवले तर दोन मिनिटांत बाहेर यायचे. मग मला पापड सुचले. माझ्याकडे घरचे पोह्याचे पापड डब्यात भरलेले, कच्चे, पातळ, नखाने तुटतील असे. शेजारच्या इमारतीतली चारपाच मुलं मी गोळा केली, पुढच्या खोलीत फळी उभी केली आणि भाग्यश्रीच्या दोन्ही तळहातांवर एकेक पापड ठेवला. म्हटलं, मूल फळ्याशी असेपर्यंत हा तुटायचा नाही. तुटला तर चुरा तूच खायचा.

पहिल्या संध्याकाळी ती चुऱ्यानेच जेवली असती. शेजारची हुदा, पाचवीतली, सात नव्वे त्रेसष्टच्या जागी चौसष्ट लिहून पुढे गेली आणि इकडे कडकन् आवाज. हुदाने मागे वळून पाहिलं आणि तळहाताने चौसष्ट पुसले. भाग्यश्री वैतागली. म्हणाली, "बाई, ती चुकीचं लिहितेय आणि मी नुसती बघत राहू? मग मी कशाला आहे तिथे?" हा प्रश्न बरोबर होता. मी तिला एवढंच सांगितलं की बघत राहणं हे काम आहे, आणि ते नुसतं नसतं. ती काय विचार करून चौसष्टवर पोचली, ते तुला ठाऊक आहे का? तिने हुदाला विचारलं. हुदा म्हणाली, आठ आठे चौसष्ट पाठ आहे, सात नव्वे त्याच्यापासून एकच घर लांब, ते सरकायचं राहिलं. भाग्यश्री म्हणाली, "कुठल्या दिशेनं सरकायचं?" आणि तो दुसरा पापड तसाच राहिला.

तेव्हापासून तिला त्यात गोडी वाटू लागली. मुलं मात्र माझ्या पापडांवर टपलेली. मुद्दाम चूक करून बाईंच्या हातातला आवाज ऐकायचा हा त्यांचा खेळ झाला. तो खेळ भाग्यश्रीने ओळखला आणि मुद्दाम चुकणाऱ्यालाच आपली चूक सगळ्यांना समजावून सांगायला लावली, तेव्हा मला वाटलं, जमेल हिला.

वार्षिक पाठ सहावीच्या त्याच वर्गावर होता. विषय दशांश अपूर्णांक. परीक्षक पनवेलच्या बाजूचे, सफारीतले, हातात पॅड. नोमान खिडकीशी उभा होता आणि त्याचा चेहरा त्याच्या आजीसारखा झाला होता. मी माझ्या जुन्या बाकावर.

भाग्यश्रीने कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या, प्रत्येकीचे दहा सारखे भाग पाडलेले. एक अख्खी पट्टी म्हणजे एक. अर्धा, एक, हे सगळं छान झालं. मग तिने विचारलं, दीड कसा लिहाल? आणि आवडी हात वर न करताच उठून फळ्याशी गेली.

तिने लिहिलं, १.६.

मागून कुजबूज झाली. रोशन म्हणाला, "ए, पाच हाय तो." आवडी वळली. "तुला काय म्हाईत? माझी आय हमरापूरला कारखान्यात जाते. दीड फुटाच्या मूर्तीखाली पेन्सिलीनं असंच लिवतात. एक टिंब सहा. मी डोळ्यानं बघितलंय."

मी भाग्यश्रीकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता. त्या मूर्तींच्या पाटाखाली १.६ लिहिणाऱ्या हातांत तिचाही हात होता, लहानपणापासून. आवडी खोटं बोलत नव्हती आणि फळ्यावरचं उत्तर चूक होतं. परीक्षकांनी पॅडवर काहीतरी लिहिलं. भाग्यश्रीचा उजवा हात उचलला गेला. मला तो दिसला, खडूच्या दिशेने निघालेला. मग तो तिने मागे नेला आणि डाव्या हाताने मनगट घट्ट धरलं.

"बघितलंस ते खरं आहे," ती म्हणाली. "मीही तसंच लिहिते. आता पट्टीवर दीड दाखव."

आवडीने एक अख्खी पट्टी फळ्याला चिकटवली. दुसरी मधोमध दुमडली. भाग मोजले. परत मोजले. पाच. ती फळ्यावरच्या सहाकडे बघू लागली, मग पट्टीकडे. मला माझ्याच हातांची बोटं एकमेकांत अडकलेली दिसली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. भाग्यश्री हलली नाही. फक्त तिचे ओठ हलत होते. तिला कुणी ते शिकवलं नव्हतं.

"फुटात इंच किती, बाई?" आवडीने विचारलं.

"तू सांग."

"बारा." मग जरा वेळाने, स्वतःशीच, "बाराचं अर्धं सहा. हितं तर दहाच हायत." तिने तळहाताने सहा पुसला, पाच लिहिला. वाकडाच आला. मग वर्गाकडे वळून म्हणाली, "कारखान्यातला टिंब ह्यो नाय. तो फूट नि इंच येगळं करायला हाय."

रोशन म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं. आवडी म्हणाली, सांगितलंस, पण का ते कुठं सांगितलंस?

परीक्षक उठून फळ्यापाशी आले. मला वाटतं त्यांनाही राहवलं नाही. त्यांनी आवडीला विचारलं, मग सव्वा लिहून दाखव. सव्वा त्या पाठात नव्हताच. आवडीने लिहिलं, एक, टिंब, दोन, आणि थांबली. पट्टीच्या पाव भागात दोन तुकडे पुरे आणि एक अर्धा येत होता. तिने डोकं एका बाजूला कलतं केलं. थोडा वेळ गेला, आणि परीक्षकांनी हात पुढे करून तिच्या हातातला खडू धरला.

"सर," भाग्यश्री म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "जरा थांबाल का? ती पोचतेय."

नोमानने डोळे मिटले. परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. खडू सोडला. आणि काय करावं ते न सुचून तो हात सफारीच्या खिशात घातला.

"बाई," आवडी म्हणाली, "ह्या एका तुकड्याचे परत दहा केले तर?"

तेवढ्यात घंटा झाली. संकलन राहिलं, गृहपाठ राहिला, टाचणातला शेवटचा अर्धा भाग तसाच राहिला. मुलं मात्र उठली नाहीत. रोशन पट्टीच्या एका तुकड्याचे दहा करायला बसला होता.

वेळेचे गुण गेले, ते जायचेच होते. परीक्षक जाताना नोमानला काय बोलले ते त्याने मला संध्याकाळी येऊन सांगितलं. म्हणाले, तीस वर्षं पाठ बघतोय, मला वर्गात थांबा म्हणणारी ही पहिली. मग म्हणाले, तिला पास केलंय, आणि चांगल्या गुणांनी. नोमानने मला एवढं सांगितलं आणि माझे पापड खाल्ले. त्याच्या आजीचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. काढला असता तर मी रडले असते, आणि तळलेले पापड मऊ पडले असते.

भाग्यश्रीला जूनपासून रोह्याच्या एका शाळेत तासिकांवर काम मिळालं. रोज हमरापूरहून रोह्याला जाणं म्हणजे चेष्टा नाही, पण ती जाते. पहिल्या आठवड्यात फोन करून म्हणाली, बाई, इथे साडी नेसावी लागते. मी म्हटलं, मग पदराची सोय झाली.

श्रावणात मी माझा गणपती बघायला हमरापूरला गेले. कारखाना आता पांढरा नव्हता, सगळा रंगांनी भरलेला. आत शिरले तर कुणी बोलत नव्हतं. आखणी चालली की तिथे बोलत नाहीत. पाटावर माझी मूर्ती होती आणि तिच्यासमोर बारीक कुंचला घेऊन भाग्यश्री बसली होती. एक डोळा झाला होता. दुसऱ्याची वरची रेघ ती ओढत होती.

विठूदादा तिच्या मागे उभे होते. त्यांनी उजवा तळहात समोर धरला होता, आणि त्यावर पोह्याचा पापड होता. कुणी ठेवला असेल ते विचारायची गरज नव्हती.

रेघ वळणावर आली. तिथे ती किंचित थांबली, थरथरली म्हणा. विठूदादांची बोटं मिटली. आवाज आला. नितेशने तोंड वळवून हसू दाबलं. भाग्यश्रीने मागे पाहिलं नाही, रेघ वळवली, कोपऱ्यापर्यंत नेली आणि कुंचला उचलला.

विठूदादांच्या मुठीतून चुरा खाली पडत होता. पण हात जिथे होता तिथेच होता.

"नियम काय हाय, बाई?" त्यांनी मला विचारलं.

"चुरा स्वतः खायचा," मी म्हटलं.

त्यांनी तो तोंडात टाकला आणि चावत चावत पुढे होऊन मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मीठ जरा जास्त हाय."